खाणीला निरीक्षक, प्रयोगशाळेला भिंतीवरचा तक्ता

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातले राजूर कोळशावर वाढले आणि चुन्यामुळे ओळखले जाऊ लागले. भांदेवाडा, कुंभारखणी, घोन्सा, उकणी ही भोवतालची नावेही वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींमुळेच लोकांच्या तोंडी बसली. या पट्ट्यातल्या माणसाला कामावरची सुरक्षितता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. नवा कामगार खाणीत उतरण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी होते. व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात त्याला बसावे लागते. हेल्मेट आणि त्यावरचा दिवा असल्याशिवाय त्याला खाली सोडायचे नाही, असा नियम आहे. त्याच्या पाळीवर मायनिंग सरदार असतो, सरदारावर ओव्हरमन. छताला आधार नीट आहे का, वायू साचला आहे का, हे पाहून वहीत नोंदवण्याची जबाबदारी ठरलेल्या माणसावर असते. खाणीत अपघात होतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण अपघात झाला तर कोणाला कळवायचे आणि चौकशी कोणी करायची, यावर तिथे वाद होत नाही.

याच परिसरात दुसराही एक कामगार आहे. तो पांढरा कोट घालतो, निदान घालणे अपेक्षित असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो रक्त घेतो, थुंकीचे नमुने तपासतो, मलेरियाच्या काचा रंगवतो. तालुक्याच्या बाजारपेठेत एका गाळ्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो सकाळी सातला शटर उघडतो. कोळशाच्या प्रयोगशाळेत तो नमुना दळतो, जाळतो, तोलतो. कनिष्ठ महाविद्यालयात आम्लाच्या बाटल्या भरून ठेवतो. त्याच्या कामाआधी वर्ग भरत नाही, त्याच्या पाळीवर सरदार नसतो. बहुतेक ठिकाणी तो एकटा असतो आणि भिंतीवर लावलेला एक तक्ता त्याच्या सोबतीला असतो.

प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो त्यांच्यात जागृती किती आहे हा. या प्रश्नावर देशात कितीतरी पाहण्या झाल्या. वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि अध्यापक तंत्रज्ञांना प्रश्नावली देतात आणि टक्केवारी काढतात. निष्कर्ष थोड्याफार फरकाने तोच येतो. हातमोजे का घालायचे, वापरलेल्या सुईला टोपण का लावायचे नाही, कोणता कचरा कोणत्या रंगाच्या पिशवीत टाकायचा, हे बहुतेकांना माहीत असते. तरीही टोपण लावले जाते, हातमोजे एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे तसेच जातात आणि सुई टोचली तर ती नोंदवली जात नाही. माहिती आहे, आचरण नाही, असे म्हणून अहवाल संपतो आणि शिफारस येते ती आणखी एका जागृती कार्यक्रमाची. या लेखाचा आक्षेप त्या शिफारशीला आहे. ज्याला आधीच माहीत आहे त्याला तेच पुन्हा सांगून काय साधणार?

दोन व्यवसायांच्या वाटा कुठे वेगळ्या झाल्या हे पाहायला 1902 सालात जावे लागते. 1901 चा खाण कायदा झाल्यावर जानेवारी 1902 मध्ये कोलकात्यात खाण निरीक्षणाचे सरकारी कार्यालय सुरू झाले. पुढे ते धनबादला गेले. आजचे खाण सुरक्षा महासंचालनालय म्हणजे त्याच कार्यालयाचा विस्तार. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचण्यात आली. एकशे सात जणांनी ती घेतली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. ती बाटली मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत भरलेली होती. तिथले प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांनीच 10 जानेवारी 1897 रोजी ही लस आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. नंतर तपशील पुढे आला तो असा, की बाटली उघडताना गावातल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता तोच पुन्हा वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

त्या पाच वर्षांत चूक कोणाची हे ठरवण्यावर अफाट शक्ती खर्च झाली. पण पुढचा चिमटा पडला तर काय करायचे, ते कोण पाहणार, कोण तपासणार, यासाठी खाणीसारखी देशव्यापी निरीक्षणाची यंत्रणा उभी राहिली नाही. खाणीच्या बाजूने मात्र एकावर एक नियम येत गेले: 1952 चा खाण कायदा, 1955 चे नियम, 1966 चे व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशे माणसे गेली. अशा प्रत्येक धक्क्यानंतर नियम कडक झाले. मोठ्या खाणीत कामगारांच्या वतीने तपासणी करणारा कामगार निरीक्षक असतो, सुरक्षा समिती असते. खाण कामगारांना हे दानात मिळाले नाही. संघटनांनी ते लढून घेतले.

प्रयोगशाळेतला धोका मात्र दिसत नाही, आणि इथेच सगळी गफलत होते. छत कोसळले तर आवाज होतो. नमुन्यातला जंतू शरीरात शिरला तर आजार दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तो नमुना कधीच फेकून दिलेला असतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट पाइक यांनी 1976 मध्ये जगभरातल्या प्रयोगशाळांत झालेल्या संसर्गांची नोंद मांडली. त्यांनी गोळा केलेल्या 3,921 प्रकरणांपैकी वीस टक्क्यांहून कमी प्रकरणांत अमुक अपघातामुळे संसर्ग झाला असे बोट ठेवता आले. बाकीच्यांना कुठे काही सांडल्याचे, टोचल्याचे, कापल्याचे आठवत नव्हते. संशयाची सुई हवेतल्या सूक्ष्म थेंबांकडे वळली. सेंट्रिफ्यूज थांबताक्षणी झाकण उघडले, पिपेट जोराने रिकामी केली, जंतू उचलायच्या तारेचा ओला लूप थेट ज्योतीत धरला की असे थेंब उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि म्हणून कोणी घाबरतही नाही.

महाराष्ट्राला याचा जवळून अनुभव आहे. पुण्यात 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा याच केंद्राने क्यासनूर जंगल तापाचा विषाणू शोधला. त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांनाही हा ताप जडला. हे लोक अडाणी नव्हते. विषाणूची त्यांच्याइतकी माहिती तेव्हा जगात फार थोड्यांना असेल. कमतरता होती ती हवा कोंडून गाळणाऱ्या बंदिस्त खोल्यांची. अशी सर्वोच्च दर्जाची, म्हणजे जैवसुरक्षा पातळी चारची, देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यातच झाली, पण त्यासाठी विसाव्या शतकाचा शेवट ओलांडून 2012 पर्यंत थांबावे लागले.

ज्ञान माणसाला वाचवतेच असे नाही, याचे सर्वांत बोचरे उदाहरण अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातले आहे. रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांचा विषारी धातूंचा अभ्यास जगभर मानला जात होता. ऑगस्ट 1996 मध्ये त्यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. त्यांनी नियमाप्रमाणे लॅटेक्सचे मोजे घातले होते. ते द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जाते, हे तोवर कोणी तपासलेलेच नव्हते. जून 1997 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. भारतातही मोठ्या संस्था सुटल्या नाहीत. 29 डिसेंबर 2009 रोजी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायन प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधक गेले. 5 डिसेंबर 2018 रोजी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरचा स्फोट होऊन एका संशोधकाचा बळी गेला.

आता सुईकडे वळू, कारण राजूर-वणीच्या प्रयोगशाळांत रोजचा धोका तिचाच आहे. हा सिकलसेलचा पट्टा आहे. गोंड, कोलाम, परधान वस्त्यांमध्ये तपासणी शिबिरे होतात आणि 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यावर बोट टोचण्याचे काम वाढले. गरोदर स्त्रियांच्या तपासण्या, डेंग्यू, मलेरिया, क्षय, शिवाय ‘महालॅब’ योजनेत बाहेर पाठवायचे नमुने, हे सगळे एकाच सकाळी उरकायचे असते. बाहेर रांग, आत एक माणूस, नमुने नेणाऱ्या गाडीची वेळ ठरलेली. घाईत टोपण परत लावताना सुई बोटात जाते. रुग्णाच्या रक्तात हिपॅटायटिस बी असेल आणि तंत्रज्ञाने लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीसाठी ती दोन ते तीन टक्के, एचआयव्हीसाठी सुमारे 0.3 टक्के. लोक भितात एचआयव्हीला आणि गाफील राहतात ते हिपॅटायटिस बीबद्दल.

सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढायचे नाही, तोंडात घालायचे नाही, स्पिरिट ओतायचे नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे आणि ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठायचे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्य तर दोन तासांत सुरू व्हावी लागतात. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. सुरू केली की 28 दिवस घ्यायची. राजूरहून जिल्ह्याचे ठिकाण शंभरहून अधिक किलोमीटर आहे, चंद्रपूर त्यापेक्षा जवळ. म्हणून औषध तालुक्याला कुठल्या कपाटात आहे आणि रात्री त्याची किल्ली कोणाकडे असते, हे आधी ठाऊक असणे दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचे आहे. शिवाय जाणाऱ्याला मालक विचारणार, काम सोडून कुठे निघालास? सुई टोचल्याची नोंद का होत नाही, याचे उत्तर बरेचदा याच प्रश्नात सापडते. आपणच हलगर्जी ठरू, नोकरी जाईल, लोक संशयाने पाहतील, ही भीती तक्त्याने जात नाही.

मग काय केल्याने फरक पडतो? याचे भक्कम उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत 1983 मध्ये सुमारे 17,000 आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीचा संसर्ग झाला होता. 1995 मध्ये हा आकडा 400 च्या आसपास आला. मधल्या काळात लसीचा वापर वाढला आणि 1991 मध्ये मालकाने ती कर्मचाऱ्याला फुकट द्यावी असे कायद्याने बंधन घातले. 2000 मध्ये आणखी एक कायदा झाला. वापरल्यावर आपोआप झाकली जाणारी सुरक्षित सुई मालकाने पुरवायची आणि ती निवडताना रोज सुई हाताळणाऱ्यांचे मत घ्यायचे, असे त्यात होते. त्यानंतर सुई टोचण्याचे प्रमाण तिथल्या रुग्णालयांत लक्षणीय घटले. कर्मचारी तेच होते. त्यांच्या हाती आलेले साधन बदलले आणि ते देण्याची जबाबदारी कोणावर हे नक्की झाले.

आपल्याकडे असे बंधन नाही, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. 28 मार्च 2016 चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम नावावरून कचऱ्याचे वाटतात, पण कर्मचाऱ्याच्या संरक्षणाची आपल्याकडची सर्वांत ठोस कलमे त्यांतच आहेत. संस्थेने कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. नोकरीला लागताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचे, आरोग्य तपासणी करायची. सुया पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायच्या. प्रयोगशाळेतला जंतूंचा कचरा आणि रक्ताचे नमुने बाहेर पाठवण्याआधी जागेवरच निर्जंतुक करायचे. अपघात झाला तर ठरलेल्या नमुन्यात कळवायचे. हे नियम मोठ्या रुग्णालयापुरते नाहीत. गाळ्यातली लॅब, रक्तदान शिबिर, शाळेतली प्रथमोपचाराची खोली, सगळे त्यांत येतात.

या नियमांत सफाई कामगारही येतो, आणि पाहण्या नेमक्या त्यालाच विसरतात. पिशव्या बांधणारी बाई किंवा डबे उचलणारा पोरगा प्रश्नावलीत क्वचितच सापडतो. बर्मिंगहॅमला 1978 मध्ये देवीच्या रोगाने जगातला शेवटचा मृत्यू झाला. ज्या बाईंचा बळी गेला त्या देवीच्या विषाणूंवर काम करत नव्हत्या. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर त्या छायाचित्रकार म्हणून नोकरी करत होत्या. 2010 मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात किरणोत्सर्गाने माणसे भाजली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात काढले होते. एका भंगार कामगाराचा त्यात मृत्यू झाला. प्रयोगशाळेची चूक तिच्या दाराशी थांबत नाही.

कायद्यात मोठे भगदाडही आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची 2020 ची संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली. तिची साधारण मर्यादा दहा कामगारांची. खाणीला ही अट नाही. सरकारने धोक्याचे काम म्हणून वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय दोन-तीन माणसांची पॅथॉलॉजी लॅब तिच्या कक्षेत येणे अवघड आहे. 2010 चा केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालावर सही कोणी करायची यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये ती पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टचीच हवी असे सांगितले. ते रुग्णाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्या सगळ्या वादात, अहवाल ज्याच्या हातून तयार होतो त्याचे हात सुरक्षित आहेत का, हा प्रश्न जवळपास कोणी विचारला नाही.

कोळशाच्या प्रयोगशाळेची गोष्ट थोडी वेगळी, आणि या भागात ती टाळून चालणार नाही. कोळशाचा भाव त्याच्या प्रतीवर ठरतो आणि प्रत प्रयोगशाळेत ठरते. ढिगातून, ट्रकमधून, वाघिणीतून नमुना घ्यायचा, तो फोडून दळून 212 मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करायचा. राख मोजण्यासाठी तो 815 अंशांच्या भट्टीत जाळायचा. उष्मांकासाठी ‘बाँब’ नावाच्या पोलादी भांड्यात सुमारे तीस वातावरणांच्या दाबाचा ऑक्सिजन भरून पेटवायचा. भट्टीची आणि बाँबची भीती सगळ्यांना असते, म्हणून तिथे काळजी घेतली जाते. खरा धोका दळणाच्या खोलीत आहे. कोळशाची बारीक धूळ फुप्फुसात बसायला वर्षे लागतात. खाणीतल्या कामगाराच्या छातीचे एक्स-रे ठराविक मुदतीने काढायचा नियम आहे. दळण करणारा माणूस कंत्राटी असेल, तर तो कोणाच्या यादीत येतो हे आधी शोधावे लागते. चुन्याचेही तसेच. कळीचा चुना पाण्याला लागला की तापतो, डोळ्यात गेला तर बुबुळ जाळतो. चुनखडीचे नमुने तपासणाऱ्या टेबलापाशी डोळे धुण्याचा नळ असायला हवा. त्यासाठी फार मोठा खर्च येत नाही.

या जिल्ह्याने जागृतीच्या नावाखाली जबाबदारी खाली ढकलली जाताना एकदा पाहिली आहे. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. तेव्हाही पहिले वाक्य होते, मजुरांनी मास्क घातला नाही. पीक पुरुषभर वाढले होते, ऊन तापत होते, फवारणीची औषधे एकमेकांत मिसळून विकली जात होती आणि अंगभर प्लास्टिक घालून त्या उकाड्यात तासभरही उभे राहणे कठीण होते. या गोष्टी नंतर बोलल्या गेल्या. प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञालाही तेच वाक्य ऐकावे लागते: मोजे घातले नाहीस. कपाटात त्याच्या मापाचे मोजे होते का, हे कोणी विचारत नाही.

चित्र बदलता येत नाही असे मात्र नाही. 2020 मध्ये करोना आला तेव्हा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आरटीपीसीआर चाचणीची सोय उभी राहिली. नमुना तीन आवरणांत बांधून नेणे, जैवसुरक्षा कपाटात उघडणे, अंगावरचा वेश कोणत्या क्रमाने उतरवायचा हे शिकणे, हे सगळे काही आठवड्यांत रुळले. पैसा आला, साधने आली, रोज विचारणारा वरिष्ठ आला. क्षयरोगाच्या तपासणीतही तंत्रच मदतीला आले. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर नमुना सुरुवातीलाच द्रावणात विरघळवला जातो, त्यामुळे पुढची हाताळणी पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञाला देशपातळीवर व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेला सुरक्षिततेच्या हक्काची जोड अजून मिळायची आहे. वणीच्या खाण कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात कोळसा प्रयोगशाळेतल्या कंत्राटी माणसाचे नाव घातले, तर ती सुरुवात इथूनच होऊ शकते.

नागरिकालाही करण्याजोगे काम आहे. 2016 च्या नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयाला आणि प्रयोगशाळेला दरवर्षी 30 जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, वर्षात किती अपघात झाले, किती जणांना इजा झाली, याचे रकाने त्यात आहेत. सरकारी केंद्राचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो, खासगी लॅबच्या मालकाला तो थेट विचारता येतो. राजूरच्या ग्रामसभेने, वणीच्या डॉक्टरांच्या संघटनेने, पत्रकारांनी यंदा तो अहवाल मागवावा आणि अपघातांच्या रकान्यात शून्य लिहिले असेल, तर तिथल्या तंत्रज्ञाला हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रा कधी मिळाल्या, हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे.